एटीआरच्या उजव्या सीटवर बसण्याआधी

कोल्हापूर, नांदेड, जळगाव, नाशिक, सिंधुदुर्ग इथून विमानं नियमित उडायला लागली, तसे गावोगावच्या मुलामुलींचे तेच तेच प्रश्न यायला लागले. किती पैसे लागतात? चष्मा चालतो का? छोट्या एअरलाइनला जाऊ, की मोठ्या कंपनीचीच वाट बघत बसू? त्यांच्यासाठी हे सगळं एका ठिकाणी लिहिते आहे. मी एटीआर ७२-६०० हे साधारण सत्तर प्रवाशांचं प्रोपेलरचं विमान उडवते (त्यात कॅप्टन डाव्या सीटवर, को-पायलट उजव्या), त्यामुळे उदाहरणं बहुतेक त्याच विमानाची असतील.

छोटी एअरलाइन म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. अलायन्स एअर सरकारी आहे आणि एटीआरसोबत डॉर्निअरही उडवते. स्टार एअर कोल्हापूरच्या घोडावत समूहाची, तिच्याकडे एम्ब्रेअर जेट आहेत. फ्लाय ९१ गोव्याची, मार्च २०२४ पासून सुरू, सगळी एटीआर. इंडियावन एअर नऊ प्रवाशांची सेसना कॅरॅव्हॅन उडवते. इंडिगोकडेही एटीआर आहेत, पण ती मोठ्या कंपनीची छोटी विमानं. तिथला कारभार वेगळा. यातले बरेचसे मार्ग 'उडान' योजनेवर उभे आहेत. त्या योजनेतलं पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ ला सिमला ते दिल्ली झालं. योजनेत सरकार तीन वर्षं तोटा भरून देतं, पुढे मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. तो किती वेळा राहतो? कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार, तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि तीन वर्षांनंतरही टिकले ते फक्त ५४. नांदेड, कोल्हापूर, जळगावला उडणारी ट्रूजेट फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली, ते अनेकांना आठवत असेल. इथे नोकरी करायची तर हे माहीत असायला हवं.

तरीही माझं मत असं, की शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. छोट्या विमानतळावर हाताशी माणसं कमी असतात, सोयी कमी असतात, आणि चूक पकडायला तिसरा कोणी नसतो. त्यामुळे प्रश्न आधी विचारायची सवय लागते. ती सवय शाळेत प्रवेश घेण्याच्या दिवसापासून लावा. पुढे लिहिलेलं बरंचसं त्याबद्दलच आहे.

पायरी १ : मेडिकल, तेही फी भरण्याआधी

डीजीसीएची, म्हणजे देशाच्या नागरी विमान वाहतूक नियामकाची, मेडिकल दोन टप्प्यांत होते. आधी क्लास टू, डीजीसीएने मान्य केलेल्या डॉक्टरकडे. मग क्लास वन, हवाई दलाच्या केंद्रात किंवा मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात. व्यावसायिक परवान्याला, म्हणजे सीपीएलला, क्लास वन लागतंच. अनेक जण क्लास टू करून फी भरतात आणि क्लास वन 'नंतर बघू' म्हणतात. तसं करू नका. रंगांधळेपणा किंवा हृदयाचं एखादं दुखणं क्लास वनला निघालं तर भरलेले लाखो रुपये परत कोण देणार?

चष्मा चालतो, ठरलेल्या मर्यादेत दिसत असलं की झालं. वजन, हिमोग्लोबिन, साखर अशा कारणांनी 'तात्पुरते अनफिट' म्हटलं तर घाबरायचं काम नाही; मुदत मिळते, सुधारून पुन्हा जायचं.

पायरी २ : कागद आणि पेपर

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. कॉमर्स किंवा आर्ट्स केलं असेल तर हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येतात.

मग डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षांसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा. आपल्याकडची मुलं इथेच अडकतात. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आधारवर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. डीजीसीएला सगळीकडे एकच माणूस दिसायला हवा. शिवाय बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी मागतात, आणि तिला वेळ लागतो. बारावीचा निकाल लागला की हे काम हातावेगळं करा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

पेपर असे : एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकता त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला ७० टक्के. रेडिओ टेलिफोनीची आरटीआर परीक्षा वेगळी. ती पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर डीजीसीएकडे आली.

मोठे पेपर उड्डाण सुरू करायच्या आधी काढून टाका. कारण हिशेबाचं आहे. सीपीएलला एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, आणि त्या १०० मधले किमान १५ अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. २०० तास पूर्ण झाले आणि नेव्हिगेशन राहिलं, की सहा महिने बघता बघता उलटतात. मग तेच तास पुन्हा विकत घ्यावे लागतात.

पायरी ३ : फ्लाइंग स्कूल

महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरशी, बारामती, धुळे, जळगाव, नागपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण चालतं. उत्तरेत रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी 'इग्रुआ' आहे. परदेशातही जाता येतं, पण परत आल्यावर परवाना बदलून घ्यायला इथले पेपर द्यावेच लागतात, हे एजंट शेवटी सांगतो.

डीजीसीए आता फ्लाइंग स्कूलना श्रेणी देतं, ती बघा. पण तेवढ्यावर थांबू नका. स्वतः जा, आणि ऑफिसात बसण्याआधी हँगरमध्ये डोकवा. विमानं किती, त्यातली आज उडण्याजोगी किती, इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती. बाहेर चहाच्या टपरीवर जुने विद्यार्थी भेटतात. त्यांना 'किती महिने झाले आणि किती तास झाले' एवढंच विचारा. ब्रोशरमधल्या 'बारा महिन्यांत सीपीएल'चं काय होतं, ते तिथे कळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उड्डाण फार कमी होतं, हेही धरून चाला.

पैसे एकरकमी भरू नका. हप्ते पाडून घ्या, आणि मधेच सोडलं तर किती परत मिळणार ते लेखी घ्या. आणि न उडवलेले तास लॉगबुकात लिहून देतो असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. परवाना जाण्याची भीती आहेच. पण ते तास खरंच लागतात, एखाद्या दिवशी वारा आडवा लागला की.

पायरी ४ : पैसे

भारतात सीपीएलला साधारण पन्नास लाखांच्या पुढे मोजावे लागतात, आणि टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, धरलं तर आकडा बराच वर जातो. उदाहरणादाखल साठ लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं, असं धरलं तर हप्ता महिन्याला ८२-८३ हजारांच्या घरात जातो. परवाना हातात आला की लगेच नोकरी लागते असं मुळीच नाही. वर्ष-दोन वर्षं थांबलेले लोक मी पाहिले आहेत. त्या काळात हप्ता कोण भरणार, हे घरात बसून आधी ठरवा. शेत किंवा घर तारण ठेवणार असाल तर आई-वडिलांना हा आकडा तोंडी सांगू नका, कागदावर मांडून दाखवा.

टाइप रेटिंग स्वतःच्या खर्चाने आधीच करून ठेवावं का? माझं उत्तर, नाही. कंपनीचं पत्र हातात नसताना एटीआरचं रेटिंग घेऊन बसलं तर ते शिळं होतं, आणि मधल्या काळात कंपनी दुसरंच विमान आणते.

पायरी ५ : करार नीट वाचा

निवडीत लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक चाचणी, बहुधा सिम्युलेटर चेक आणि मुलाखत. त्याची तयारी करून देणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, म्हणून त्यावर इथे लिहीत नाही. कराराबद्दल मात्र कोणी शिकवत नाही.

सगळ्यात आधी नोटीस पिरियड. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. आज मोठ्या कंपनीचं पत्र आलं तरी उद्या निघता येत नाही. त्याच्या वर कंपनीचा बाँड असतो. तो किती वर्षांचा, वर्षागणिक रक्कम कमी होते का, आणि मुख्य म्हणजे कंपनीनेच उड्डाणं थांबवली तर बाँडचं काय, हे विचारा. शेवटचा प्रश्न विचारला की एचआरवाले जरा चपापतात. विचाराच.

पगार दोन भागांत असतो : ठरावीक तासांची हमी आणि त्यापुढे दर तासाला. हमी किती तासांची आहे ते बघा, कारण छोट्या कंपनीत दोन विमानं बिघडली की महिना कोरडा जातो. प्रशिक्षणाच्या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड? सिम्युलेटर दुसऱ्या शहरात असेल तर राहण्याचा खर्च कोणाचा? बेस, म्हणजे नेमणुकीचं गाव, कुठलं, आणि कंपनी तो केव्हाही बदलू शकते का? मेडिकल गेलं तर विमा आहे का? अशा प्रश्नांनी तुमची नोकरी जात नाही. जात असेल, तर ती कंपनी कशी आहे ते फुकटात कळलं.

पायरी ६ : टाइप रेटिंग ते रिलीज

आधी वर्ग : विमानाच्या सिस्टिम, परफॉर्मन्स, सीआरएम (कॉकपिटमधला आपसातला समन्वय), धोकादायक माल, सुरक्षा, आपत्कालीन प्रक्रिया. मग सिम्युलेटर. मग खऱ्या विमानावर प्रवाशांशिवाय लँडिंगची प्रॅक्टिस. त्यानंतर प्रवाशांसह, ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग. आणि सगळं जमलं की रिलीज चेक, म्हणजे को-पायलट म्हणून मोकळं करण्याआधीची शेवटची तपासणी.

सिम्युलेटरमध्ये टेक-ऑफनंतर एक इंजिन बंद पडणं इतक्या वेळा करून घेतात, की झोपेतही हात तिकडे जातो. तिथेच धोका असतो. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरचं उजवं इंजिन गेलं आणि गडबडीत डावं, चांगलं चालणारं इंजिन बंद केलं गेलं. ४३ जण गेले. म्हणून इंजिनाच्या लिव्हरला हात लावला की तो तिथेच थांबवायचा, मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने बघून 'कन्फर्म' म्हणायचं, मगच लिव्हर ओढायची.

नेपाळमधल्या पोखऱ्याचा अपघातही प्रत्येक एटीआर पायलटने अभ्यासावा. १५ जानेवारी २०२३, यती एअरलाइन्स. उतरताना एकाने फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) ३० वर मागितले. दुसऱ्याचा हात फ्लॅपच्या लिव्हरऐवजी प्रोपेलरच्या कंडिशन लिव्हरवर गेला आणि दोन्ही मागे आल्या. दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर वळली आणि ओढच संपली. इंजिनं चालू होती, पण विमानाला ताकद मिळत नव्हती, आणि चुकीच्या लिव्हर ओढल्या गेल्या हे शेवटपर्यंत कॉकपिटमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. विमानातले ७२ च्या ७२ गेले. या लिव्हर एकमेकींच्या शेजारी आहेत, आकार वेगळे आहेत. पहिल्या दिवसापासून डोळ्यांनी बघा, हाताने आकार ओळखा, मग हलवा, आणि हलवल्यावर इंडिकेटर बघा. अर्धा सेकंद जास्त जातो, जाऊ द्या.

पायरी ७ : ड्युटीचा दिवस

मोठ्या जेटवरचा मित्र दिवसात दोन लँडिंग करतो, तुम्ही चार किंवा जास्त. एसटीच्या फेऱ्यांसारखं काम आहे : चढवा, उतरवा, पुन्हा निघा. चाळीस-पन्नास मिनिटांच्या सेक्टरमध्ये, म्हणजे एका उड्डाणात, वर सरळ उडायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळतात, म्हणून अप्रोचचं (उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचं) ब्रीफिंग, हवामान, पर्यायी विमानतळ हे सगळं शक्य तेवढं जमिनीवरच डोक्यात बसवून निघायचं.

रिपोर्टिंगला गेल्यावर आधी ब्रेथ अॅनालायझर, म्हणजे श्वासातून दारूची चाचणी. आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. चाचणी न देताच विमान उडवलं तर तेही महागात पडतं. 'मी तर घेतच नाही' म्हणणाऱ्यांनी घरातलं कपाट तपासावं : द्राक्षासव, अशोकारिष्ट अशी आसवं-अरिष्टं, होमिओपॅथीची टिंक्चर, खोकल्याची काही औषधं, माउथवॉश. आजीने प्रेमाने दिलेला चमचाही मशीनला कळतो.

वेळ सगळी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे. रोस्टरवर (ड्युटीच्या वेळापत्रकावर) ००३० लिहिलं असेल तर ते सकाळचे सहा. सुरुवातीचे काही महिने दोन्ही वेळा लिहून ठेवा.

मग वॉक-अराउंड, म्हणजे विमानाभोवती फिरून तपासणी. छोट्या विमानतळावर याला फार महत्त्व द्या, कारण तिथे इंजिनीअर बहुधा एकच असतो आणि त्याच्यावर दहा कामं असतात. टायर, ब्रेकच्या पिना, प्रोपेलरच्या पात्यांच्या कडा, पंखांच्या पुढच्या कडेवरचे बर्फ झटकणारे काळे रबरी बूट, तेल किंवा इंधन गळतंय का. पिटॉट ट्यूब नीट वाकून बघा. कुंभारीण माशीला मातीचं घर बांधायला अशी नळी आवडते. नळी बुजली की वेगाचा काटा खोटं बोलतो. म्हणून थोडा वेळ थांबायचं असलं तरी कव्हर घालायला सांगा, आणि निघताना काढलं का ते स्वतः बघा. धावपट्टीवर कुत्री आणि टिटव्या असतात, त्यांचंही टॉवरला विचारून घ्या.

एटीआरला शेपटीत एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं जादा इंजिन, नसतं. जमिनीवर वीज आणि गार हवा मिळावी म्हणून उजव्या इंजिनाच्या प्रोपेलरला ब्रेक लावून नुसतं इंजिन चालू ठेवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. प्रवासी डावीकडच्या मागच्या दारातून चढतात, सामान बरंचसं पुढे. मागून वारा मर्यादेबाहेर असला की हॉटेल मोड वापरता येत नाही, धूर केबिनमध्ये येतो. मग मे महिन्यातल्या दुपारी साठ-सत्तर माणसं आत आणि थंड हवा बंद. अशा वेळी केबिन क्रूला आधी कल्पना द्या, त्यांना प्रवाशांशी बोलायचं असतं.

आणखी दोन गोष्टी मोठ्या विमानतळांवर शिकायला मिळत नाहीत. एक म्हणजे इंधन : सगळीकडे ते मिळत नाही, त्यामुळे परतीचंही घेऊन निघावं लागतं, आणि तेवढं वजन माणसांतून किंवा सामानातून कमी होतं. दुसरी म्हणजे वेळ. छोट्या विमानतळांचे वॉच अवर्स, म्हणजे कामाचे तास, ठरलेले असतात, आणि जिथे नाइट लँडिंग नाही तिथे सूर्यास्तानंतर दार बंद. सकाळी पहिल्या सेक्टरला वीस मिनिटं गेली, की ती दिवसभर पुढे सरकत जाऊन संध्याकाळच्या शेवटच्या सेक्टरवर येऊन पडतात. चांगला को-पायलट दुपारीच सूर्यास्ताची वेळ काढून कॅप्टनसमोर ठेवतो : 'सर, पाच वीसपर्यंत इथून निघालो नाही तर तिकडे उतरता येणार नाही.' ऑपरेशन्सवाले वेळ ओढून बसवायला बघतील. त्यांचं ते काम आहे. आपलं काम घड्याळ बघण्याचं.

उन्हाळा, पावसाळा

मे महिन्यात जळगाव-नागपूरकडे पारा ४५ ला टेकतो. हवा विरळ होते, इंजिनाची आणि प्रोपेलरची ताकद कमी होते, त्यात धावपट्टी आखूड असेल तर एक इंजिन गेल्यावर चढता येईल इतकंच वजन नेता येतं. मग काही बॅगा, कधी काही माणसं मागे ठेवावी लागतात. स्टेशन मॅनेजर म्हणतो, 'दोनच जण जास्त आहेत, साहेब.' चार्टमध्ये 'दोनच' असा रकाना नसतो.

पावसाळ्यासाठी वेगळं ट्रेनिंग होतं, आणि नव्या को-पायलटच्या हातात वाईट हवामानात लँडिंग देत नाहीत. ते मनाला लावून घेऊ नका, बघून शिकायचा काळ आहे तो. गोव्याचं मोपा आणि सिंधुदुर्गचं चिपी, दोन्ही विमानतळ पठारांवर आहेत; पाऊस आला की ढग पठारावर येऊन बसतो आणि धावपट्टी मधूनच गायब होते. एटीआर ढगांच्या वरून जात नाही, बाजूने वाट काढते, म्हणून हवामानाचं रडार नीट वापरता येणं हे इथलं मोठं कौशल्य आहे. टिल्ट, म्हणजे रडारचा कोन, खालीवर करून ढगाची उंची काढायला शिका. रंग बघून वळणारे पुष्कळ असतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांना पटत नाही : भर पावसाळ्यात बर्फ. आपल्याकडे त्या दिवसांत शून्य अंशाची पातळी साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते, आणि एटीआर नेमकी तिथेच फिरते. पंखांवर बर्फ धरलं की विमान जड होतं, वेग हळूहळू उतरतो, आणि ऑटोपायलट ते गुपचूप सांभाळत राहतो. ३१ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ पडलं, ६८ माणसं गेली. त्यानंतर रबरी बूट मोठे केले आणि नियम कडक झाले. बर्फाच्या हवेत किमान वेग वाढवायचा, वेगावरून नजर हटवायची नाही, आणि वेग टिकत नसेल तर खाली यायची परवानगी लगेच मागायची.

उजव्या सीटवरून बोलणं

आपण मोठ्यांपुढे तोंड न उघडण्यात वाढतो. कॅप्टन पन्नाशीचा, कदाचित हवाई दलातून आलेला, आणि तुम्ही बावीसचे. तरी बोलावंच लागतं. २२ मे २०१० ला मंगळूरला उतरणाऱ्या विमानाचा अप्रोच खूप उंच आणि वेगवान होता. को-पायलटने तीनदा गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चला) म्हटलं, कॅप्टनने उतरवलं, आणि १५८ जण गेले.

कंपनीच्या एसओपीत, म्हणजे ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीत, अप्रोच स्थिर असण्याची उंची दिलेली असते, साधारण ढगांत १००० फूट आणि नीट दिसत असेल तर ५०० फूट. त्या उंचीवर विमान स्थिर नसेल तर दोनच शब्द म्हणायचे, 'अनस्टेबल, गो-अराउंड'. 'सर, जरा फास्ट वाटतंय का?' असं विचारायचं नाही. प्रश्न विचारला की समोरच्याला 'नाही' म्हणायची सोय होते. खाली उतरल्यावर चहा पिताना सर पुन्हा सरच असतात, काही बिघडत नाही. गो-अराउंडबद्दल कंपनीने शिक्षा करायची नाही, असं डीजीसीएचं धोरणच आहे.

झोप

वर्षाला १००० तासांच्या वर उडता येत नाही, सेक्टर वाढले की ड्युटीची मर्यादा कमी होते, आणि जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ४८ तासांची झाली. हे सगळं कागदावर. पहाटे पाचचं रिपोर्टिंग सलग तीन दिवस आलं की नियमात बसूनही डोळे मिटतात. थकलेले असाल तर थकल्याचा रिपोर्ट भरा, फोनवर 'बरं नाही' म्हणून सारवासारव करू नका. रिपोर्टच नसतील तर रोस्टर बदलणार कशाच्या आधारे? बेसवर भाड्याची खोली घेताना विमानतळापासूनचं अंतर आणि खिडकीचा जाड पडदा, दोन्ही बघा. आणि घरच्यांना समजवा, की दुपारी दोनला झोपलेला पायलट आळशी नसतो.

पुढे : कमांड

कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचा परवाना, लागतो : वय २१, एकूण १५०० तास आणि वेगळे पेपर. कंपन्या बहुधा त्याहून जास्त तास मागतात. छोट्या एअरलाइनमध्ये रांग लहान असते, त्यामुळे डावी सीट मोठ्या कंपनीतल्या मित्राच्या आधी मिळू शकते. म्हणूनच पहिल्या वर्षात, अभ्यासाची सवय मोडायच्या आत, एटीपीएलचे पेपर देऊन टाका.

लॉगबुक दर आठवड्याला भरा, आणि नुसत्या एकूण तासांकडे बघत बसू नका. एटीपीएलला रात्रीचे १०० तास लागतात. मोठ्या जेटवर ते आपोआप होतात, पण आपण ज्या विमानतळांवर उतरतो तिथे अनेक ठिकाणी सूर्यास्तानंतर काम बंद, त्यामुळे १५०० तास भरले तरी रात्रीचे कमी पडलेले को-पायलट दिसतात. हजार तासांच्या आसपास एकदा बेरीज करा. कमी असतील तर संध्याकाळच्या मेट्रो सेक्टरसाठी रोस्टरिंगला लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत चीफ पायलटला पाठवा.